सर्व्हर रूममधला मे महिना



वसंत व्याख्यानमालेत कॉम्प्युटरच्या खोलीवर बोलतो म्हटल्यावर आयोजकांनी जरा साशंकपणेच मान डोलावली. पण नवतपा तोंडावर आलेला असताना यवतमाळात गारव्याइतका जिव्हाळ्याचा विषय दुसरा कुठला? स्वतःच्या गारव्याचं आपल्याला उत्तम कळतं. होळी झाली की कूलर पुसायचा, ताट्या बदलायच्या, मोटर पाणी चढवते का बघायचं. घोळ होतो तो मशीनचा गारवाही आपण आपल्याच अंगावरून ठरवतो तिथे.

बँकेची शाखा घ्या, कॉलेज घ्या, दवाखाना घ्या. प्रत्येक ठिकाणी एक चिंचोळी खोली असते. जिन्याखाली, नाहीतर वरच्या मजल्यावर तापल्या स्लॅबखाली. थोडक्यात, जिथे कुणी कारकून बसायला तयार नाही तिथे. आत सर्व्हर, स्विच, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि यूपीएस. हे सामान जेवढी वीज खातं, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. दोन किलोवॅटचं सामान म्हणजे दोन हजार वॅटची शेगडी बंद खोलीत बाराही महिने पेटती ठेवणं. माणूस शंभरेक वॅट उष्णता देतो आणि संध्याकाळी घरी तरी जातो.

आता हिशेब करू. एक वॅट म्हणजे तासाला ३.४१ बीटीयू. एसीचा एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, अर्थात साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे आपल्या शेगडीला कागदावर पाऊण टनही पुष्कळ झाला. पण ही क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. बाहेर ४५ झाले की ती घसरते, आणि स्लॅब वरून ओततोय ते वेगळंच. म्हणून दीड टन घ्यावा, आणि शक्यतो दोन एसी घेऊन आलटून पालटून चालवावेत. घरगुती एसी रात्रीच्या झोपेसाठी बनवलेला असतो. त्याला वर्षभर अखंड जुंपलं की तो नेमका मे महिन्यात बसतो.

रिमोटवर १६ लावून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. त्याची गरज नाही. अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे, आणि तीही खोलीच्या तापमानाची नव्हे, यंत्रात शिरणाऱ्या हवेची. सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून तापवून फेकतो. ती तापलेली हवा वळसा घालून पुन्हा पुढे आली, की १६ अंशांचा एसीही हात टेकतो. आयबीएमच्या रॉबर्ट सुलिव्हन यांनी १९९२ च्या सुमाराला यावर सोपी तोड काढली: रॅकच्या रांगा तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून ठेवायच्या, म्हणजे गार हवेची गल्ली वेगळी आणि गरम हवेची वेगळी. आपल्याकडे रांगा कुठल्या, एकच रॅक असतो. पण त्याच्या पाठीवर एसी सोडायचा आणि पुढचं काचेचं दार कुलूप लावून बंद ठेवायचं, एवढा पराक्रम आपण एका रॅकवरही करून दाखवतो. रॅकमधल्या रिकाम्या खाचांवर पत्रा लावणं हे किरकोळ खर्चाचं काम. त्यानेही गरम हवेचा पुढे यायचा रस्ता बंद होतो.

कुणीतरी विचारणारच, कूलर का नाही? मेच्या दुपारी बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर ओल्या ताटीतून येणारी हवा पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरते. आकडा शिफारशीत बसतो! पण कूलरला उघडी खिडकी लागते. खिडकीतून धूळ येते, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू येतात आणि पंख्यांच्या जाळ्यांवर गोधडी बसते. खिडकी बंद केली तर खोलीत दमटपणा कोंडतो आणि कूलर गार करायचंच थांबवतो. जुलैत तर बाहेरची हवाच ओली. तेव्हा तो नुसता पंखा.

बरीच मोठी डेटा सेंटरं पाणी वाफवूनच उष्णता घालवतात, पण बहुधा बाहेरच्या टॉवरमध्ये, यंत्रांच्या हवेत ओल न मिसळता. एक युनिट विजेची उष्णता नुसत्या बाष्पीभवनाने न्यायला साधारण दीड लिटर पाणी लागतं. एक मेगावॅटचं केंद्र धरा: दिवसाला छत्तीस हजार लिटर. निळोणा आणि चापडोहच्या पाण्याकडे डोळे लावून उन्हाळे काढलेल्या गावाला यातला प्रश्न समजावून सांगायला नको.

खरा धोका मात्र लाइट गेल्यावर असतो. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो, एसी बंद पडतो, आणि शेगडी पेटतीच. लहान खोली काही मिनिटांत तापते. एसी जनरेटरवर हवा आणि लाइट आल्यावर आपोआप सुरू होणारा हवा, नाहीतर रविवारी गेलेली लाइट सोमवारी कळते. बॅटऱ्या तर त्याहून नाजूक. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं; वर दर आठ-दहा अंशांना ते निम्मं होतं. आणि हे फक्त गरिबाघरी घडतं असं समजू नका. १९ जुलै २०२२ रोजी लंडनचा पारा चाळिशीपार गेला, तेव्हा गूगल आणि ओरॅकल दोघांच्याही तिथल्या केंद्रांतली शीतयंत्रणा कोलमडली. चाळीस अंशांना आपण ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो!

उष्णता घालवत बसण्याऐवजी ती मुळातच कमी निर्माण करायची, हा दुसरा रस्ताही आपल्याच देशात चालून झालेला आहे. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. परदेशी टेलिफोन एक्स्चेंज तेव्हा हजारो लाइनींची आणि वातानुकूलित इमारतींत राहणारी. सी-डॉटने खेड्यासाठी १२८ लाइनींचं ‘रॅक्स’ बनवलं आणि १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला ते बसवलं. त्याला एसी नव्हताच. ते वीजच इतकी कमी खायचं, की उष्णता नुसत्या वर चढणाऱ्या हवेबरोबर निघून जायची. या कामामागचे सॅम पित्रोदा मूळ ओडिशातल्या टिटलागडचे, म्हणजे उन्हात आपल्याशी बरोबरी करणाऱ्या गावचे. मला ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही.

आपल्या खरेदीच्या निविदांत मेमरी किती, डिस्क किती, वॉरंटी किती हे सगळं असतं. यंत्र किती वॅट खाणार, हे क्वचितच. तो रकाना घाला. आणि एसीची निविदा त्याची बेरीज आल्यानंतर काढा.