आंब्यावरची आमरी

हप्ते गोळा करून झाले, पासबुकं मिटली, की आमच्या बैठकीत खऱ्या गप्पा सुरू होतात. मागच्या महिन्यात आमच्या एका वहिनींनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ऑस्ट्रेलियातलं घर, अंगणात मोठाले दगड आणि त्या दगडांवर आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, फुलांचे झुबके. वर छप्पर नाही, जाळी नाही. वहिनी म्हणाल्या, "ताई, ही रोपं मागवूया काय? बाराही महिने बाहेर राहतात म्हणे."

मी जरा माहिती काढली. ती डेंड्रोबियम जातीची आमरी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात ती खडकावर रानात आपसूक वाढते. तिथले मूळ आदिवासी लोक तिची जाड खोडं भाजून खायचे. तिकडचा वसंत आपल्या सप्टेंबरच्या सुमारास येतो, तेव्हा ती फुलते. पण फुलायला तिला आधी थंडीच्या गार रात्री लागतात. आपल्या कोकणातल्या उकाड्यात ती कुढत बसेल. तिथे ती उघड्यावर आनंदात राहते, कारण ती तिथलीच आहे.

मग मी वहिनींना विचारलं, आपल्या इथलं असं बाराही महिने बाहेर राहणारं कोण? त्या म्हणाल्या, "सीतेची वेणी!" बरोबर. पावसाच्या तोंडावर आंब्या-फणसावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस वेणीसारखे लोंबतात, तीच ही. हेच फूल आसामचं राज्यफूल आहे. तिथे त्याला कोपौ म्हणतात आणि बिहूच्या सणात बाया ते केसांत माळतात.

आता एक गोष्ट कबूल करते. तीन वर्षांपूर्वी एक व्यापारी आमच्याकडे आला होता. झाडावरून काढून द्या, एका गड्ड्याचे तीस रुपये देतो, म्हणाला. गटाला पैशाची गरज होती. मी समन्वयक, मीच हो म्हटलं. दोन दिवसांत आम्ही बेचाळीस गड्डे खरवडून काढले. त्याने यायला आठवडा लावला. गोणत्यात निम्मे कुजले, ते त्याने घेतलेच नाहीत. हातात आले सहाशे तीस रुपये. आम्ही नऊजणी होतो, म्हणजे प्रत्येकीला सत्तर. पुढच्या जूनमध्ये पाणंदीतला फणस तसाच उभा, एक वेणी नाही. आमच्या काकी एवढंच म्हणाल्या, "माझ्या लग्नातसुद्धा ह्या झाडावर फुलं होती गो." मला वर बघवेना.

आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. एका बोंडात लाखो बिया असतात, पण एक विशिष्ट बुरशी सोबत मिळाली तरच बी रुजतं, आणि रुजल्यावर फुलायला कित्येक वर्षं जातात. म्हणून एक गड्डा काढला की ती जागा पटकन भरत नाही. शिवाय राखीव जंगलातून परवानगीशिवाय रोप काढणं हा गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

मग रोप आणायचं कुठून? वादळात आपल्याच वाडीतली फांदी पडते, तिच्यावरची आमरी उन्हात वाळून जाते. ती उचला. नाहीतर रोपवाटिकेत तयार केलेलं रोप घ्या आणि पावती मागा.

आमरीला माती लागत नाही, हे पहिलं. कुंडीत माती घालून लावली की मुळं कुजणारच. ती बांडगुळासारखी झाडाचा रसही शोषत नाही, नुसती बसायला जागा घेते. तिची पांढरी जाड मुळं पावसाचं आणि दवाचं पाणी ओढून घेतात. ओली झाली की हिरवट दिसतात.

लावायची वेळ म्हणजे पहिले पाऊस. आंबा, फणस, जांभूळ अशी खडबडीत सालीची झाडं निवडा. पेरू नको, त्याची साल सुटते. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी सावली असेल अशी बाजू बघा. मुळांखाली थोडा नारळाचा काथ्या ठेवा आणि जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने बांधा. तार वापरू नका, ती मुळांना आणि सालीला कापते. रोप थोडं तिरकं बांधा, म्हणजे शेंड्यात पाणी साचून ते कुजणार नाही. एका पावसाळ्यात मुळं साल धरतात, तोवर पट्टीही झिजते. फुलाची घाई करू नका, एखाद-दोन वर्षं जाऊ द्या.

पावसात पाणी घालायचं नाही. मात्र गोगलगायी कोवळी मुळं खातात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. उन्हाळ्यात सकाळी लवकर मुळांवर पाणी शिंपडा. खत द्यायचंच तर पावसाळ्यात, रोप वाढत असताना, एकोणीस-एकोणीस-एकोणीसचा चहाचा पाव चमचा चार लिटर पाण्यात, पंधरा दिवसांतून एकदा. जास्त दिलं तर मुळं जळतात.

अजून एक. आपल्याकडे पांढऱ्या फुलांचं डेंड्रोबियमही आहे. पाऊस सरला की त्याची पानं गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. मेलं म्हणून आमच्या एका ताईंनी ते ओरबाडून शेणकईत टाकलं. त्याच्याच जोडीच्या झाडाला जानेवारीत फुलं आली! काडी टणक आणि भरलेली असेल तर रोप जिवंत आहे, झोपलेलं आहे. त्याला त्या दिवसांत पाणीही अगदी कमी द्या.

गेल्या दोन पावसाळ्यांत आम्ही पाणंदीतल्या फणसावर सात गड्डे परत बांधले. पाच जगले. ह्या वर्षी एकाला दोन वेण्या आल्या. काकींना बोलावून दाखवल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण बराच वेळ थांबल्या.

यंदा पाऊस सुरू झाला की तुमच्या गटातल्या प्रत्येकीने वाडीतली पडलेली एक आमरी उचलून झाडावर बांधायची, एवढं ठरवा. आणि गोणतं घेऊन कोणी दारात आला, तर मी म्हटलं ते तुम्ही म्हणू नका.