गोऱ्ह्याचा खांदा
(रेडिओवरील भाषण)



परवा एका लग्नात आठवीतला एक मुलगा भेटला. त्याचा बाप माझा जुना विद्यार्थी. पोराला अजून मिसरूड फुटायचंय, पण दंड दिसावेत म्हणून शर्टाची बाही वर दुमडून घेतलेली. पंगतीत मामानं पाठीवर थाप मारून विचारलं, "काय रे, बेंच किती मारतोस?" पोरगा म्हणाला, "पन्नास." त्याचं स्वतःचं वजन त्रेचाळीसच्या वर नसेल. मामा खूश झाला, बापही खूश. मला मात्र पुढचा घास गोड लागला नाही.

आज मला त्या 'किती' या एका शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या पोरांनी वजनं उचलावीत का, हे पालक मला गेली तीस वर्षं विचारत आलेत. उचलावीत. वजनं उचलली की उंची खुंटते, ही भीती मनातून काढून टाका. नीट शिकवणाऱ्याच्या हाताखाली, बेतानं केलेल्या मेहनतीनं उंची खुंटते असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे सांगितलं त्यात पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटांची दमवणारी हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा, असं स्पष्ट आहे. आपल्या तालमीत तर दहा-बारा वर्षांची पोरं कधीपासून हौद उकरतात, जोर-बैठका मारतात, दोर चढतात, जोडीदाराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतात. हीसुद्धा वजनाचीच मेहनत आहे. लोखंडाची गोल प्लेट दिसली की मगच आपल्याला ती वजनाची मेहनत वाटते, एवढंच.

मग मी कशावर चिडलो? 'किती'वर.

शेतकरी घरातल्या श्रोत्यांना पुढचं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. गोऱ्हा, म्हणजे तरणा बैल, औताला धरायचा असतो तेव्हा त्याला कुणी उचलून नांगराला जुंपत नाही. आधी जबडा उघडून दात बघतात. आदत आहे की दुसा, म्हणजे दुधाचेच दात आहेत की पक्के दोन आलेत, हे पाहतात. मग जुवाची एक बाजू त्याच्या मानेवर, दुसऱ्या बाजूला जाणता बैल. मागं नांगर नाही, लाकडाचा ओंडका. तोही सकाळच्या गारव्यात आणि थोडाच वेळ. मालक तेव्हा गोऱ्हा किती ओढतो हे पाहतच नाही. तो तासात सरळ चालतो का, बिचकतो का, मान एका अंगाला टाकतो का, एवढंच पाहतो. चाल बसली की कुळव, आणि नांगर पार शेवटी. ज्यानं घाई केली त्याच्या गोऱ्ह्याला खांदेसूज येते. एकदा खांदा सुजला की पुढं तो जू दिसताच मागं सरतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण हळद-तूप लावून बैलांचे खांदे मळतो. ज्या अंगावर वर्षभर भार टाकला त्या अंगाला त्या दिवशी मान देतो. तेवढी काळजी आपल्या पोराच्या खांद्याची नको?

पुन्हा सांगतो, कारण कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल. प्रश्न वजनाचा नाही. पोराला 'किती' विचारू नका, 'कसं' विचारा.

आणि दात बघायचे म्हणजे काय? आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. एकाच महिन्यात जन्मलेले दोघे. एकाचा आवाज फुटलाय, खांदे रुंदावलेत. दुसरा अजून पाचवीतला वाटतो. जन्माचा महिना एक, पण अंग दोन-तीन वर्षं मागंपुढं. दुसऱ्यानं पहिल्याचं पाहून वजन लावलं की घोटाळा झाला. ज्याच्या अंगात अजून ते पुरुषी संप्रेरक पुरेसं उतरलेलं नाही, त्याची ताकद व्यायामानं वाढते, पण दंड फारसे फुगत नाहीत. त्याच्या नसा स्नायूंना कामाला लावायला शिकतात, ती ही ताकद. आरशात ती दिसत नाही. पोरगं नाराज होतं आणि अजून एक प्लेट चढवतं.

हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथून उंची वाढते. साधारणपणे मुलींत चौदा-सोळा आणि मुलांत सोळा-अठराच्या सुमारास त्या भरून हाड पक्कं होतं. तोवर तो भाग कच्चा. बेतानं दिलेला ताण त्याला मानवतो. 'एकदाच, जास्तीत जास्त किती' असा हिसका मात्र घातक ठरू शकतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००८ मध्ये यासाठीच वेगळी रेघ ओढली होती. बेताच्या वजनाच्या मेहनतीला त्यांची ना नव्हती. पण अंग पक्कं होईपर्यंत शरीरसौष्ठवाच्या नादी लागू नका आणि कमाल वजनाचा प्रयत्न करू नका, असं त्यांनी सांगितलं. मुंबई श्री, महाराष्ट्र श्री हे किताब मोठ्या माणसांचे आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण स्पर्धेआधी भात तोडायचा, पाणी तोडायचं, शिरा दिसल्या पाहिजेत, हे वाढत्या पोराच्या वाट्याला येता कामा नये. त्याच्या अंगाला अजून वाढायचंय.

माझ्या हाताखालचा एक मुलगा होता. चांगला चपळ, मलखांबावर सुरेख सलामी द्यायचा. दहावीच्या सुट्टीत एका जिममध्ये जाऊ लागला. तिथं भिंतीवर फळा होता आणि फळ्यावर कोण किती उचलतो त्याचे आकडे. वरचा आकडा गाठायचा म्हणून तो पाठ वाकवून जमिनीवरचं वजन ओढत राहिला. कंबर दुखते म्हणायचा, कुणी ऐकलं नाही. शेवटी मणक्याला बारीक तडा निघाला. सहा महिने खेळ बंद. तो मलखांबाकडं परतलाच नाही. फळा लावणाऱ्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकतो, पण त्या मुलाला आम्हा सगळ्यांनीच पहिल्या दिवसापासून 'किती' विचारलं होतं.

म्हणून मी आता एक साधा नियम ठेवलाय. पहिले दोन महिने लोखंड नाही. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, दोर. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले, ते काही कुणाचे दंड फुगावेत म्हणून नव्हे. मग हातात नुसती लाठी द्यायची आणि बैठक कशी, कणा कसा, गुडघा कुठं, हे घटवून घ्यायचं. हा आपला ओंडका. त्यानंतर हलकं वजन, जे दहा-बारा वेळा सहज उचलता येईल असं. पंधरापर्यंत सहज जायला लागला की दहा टक्क्यांनी वाढवा, त्याहून जास्त नाही. लोखंड आठवड्यातून दोन-तीनच दिवस, मध्ये सुट्टी.

आणि माझी खूण लक्षात ठेवा, ही फार महत्त्वाची आहे. वजन आवाज न करता खाली ठेवता आलं, तरच ते तुझं वजन. आदळलं, की सेट संपला. मग ती पाचवी खेप असो की आठवी. घरी कोपऱ्यात डंबेल ठेवलेत आणि लक्ष द्यायला कुणी नाही, अशा घरांतून पोरांची बोटं चेचून आलेली मी पाहिली आहेत. जाणत्या बैलाशिवाय गोऱ्हा एकटा जुंपत नाहीत, तसंच हे.

वेळ संपत आल्याची खूण मला दिसते आहे, पण पावडरीचं सांगितल्याशिवाय उठणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण पंचेचाळीस ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन पेले दूध, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, दोन वेळची डाळ आणि भाकरी, एवढ्यात हिशेब जुळतो. अंडी चालत नसतील तर उसळ आणि दही वाढवा. महागड्या डब्याची गरज नाही. आणि इंजेक्शन? वजनानं उंची खुंटते म्हणून घाबरणाऱ्या बापांनो, खुंटते ती याच इंजेक्शनांनी. ती स्टेरॉइडं त्या कूर्चेच्या पट्ट्या वेळेआधी बंद करतात. शिवाय काळजाला आणि यकृताला इजा होते. कुणी 'कोर्स' हा शब्द उच्चारला, तर पोराचा हात धरून त्या दारातून बाहेर पडा. झोपेबद्दलही बोलायचं होतं. आठ ते दहा तास लागतात. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला जिम, याला मेहनत म्हणत नाहीत...

मुलींसाठी मी वेगळी पाच मिनिटं राखली होती, ती राहिली नाहीत. एवढंच सांगतो. हाडांची बहुतेक भरण विशीच्या आत होते. आईसारखी कंबरदुखी टाळायची, तर तयारी मुलीच्या चौदाव्या वर्षीच करायची असते. तिला तालमीत पाठवा. पाठवायला जमत नसेल, तर आज संध्याकाळी ती पाण्याची कळशी उचलेल तेव्हा बाजूला उभं राहा. कंबरेत वाकून उचलते की गुडघ्यात बसून, ते पाहा. आणि कळशी खाली ठेवताना आवाज होतो का, तेही ऐका.