खुब्याचा फोटो आणि वाढते मूल



आजचा विषय वाचून एका गृहस्थांनी मला विचारले, “एक्स-रेने मुलांना अपाय होतो, हेच सांगणार ना?” तेवढेच सांगायचे असते तर व्याख्यानाची गरज नव्हती. भीतीपोटी आवश्यक फोटो टाळला आणि निखळलेला खुबा तसाच राहिला, तर ते मूल जन्मभर लंगडते. उलट, दोन फोटोंत भागत असता सहा काढणे हेही समर्थनीय नाही. या दोहोंमधली वाट आपणांस शोधावयाची आहे.

मनगटाचा फोटो वेगळा आणि खुब्याचा वेगळा. खुब्याच्या फोटोत किरणांच्या वाटेत प्रजननग्रंथी येतात. कटीच्या हाडांतला, रक्त तयार करणारा मगजही येतो. वाढत्या पेशी किरणांना अधिक हळव्या असतात, आणि मुलापुढे सारे आयुष्य पडलेले असते. तरीही प्रमाण ध्यानी घ्या. जमीन, हवा, आकाश व अन्न यांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा निसर्गतःच मिळते. नीट काढलेल्या एका खुब्याच्या फोटोची मात्रा म्हणजे अशा काही दिवसांची, फार तर काही आठवड्यांची. चिंता आहे ती पुनःपुन्हा काढलेल्या फोटोंची, आणि सीटी स्कॅनची.

आता तान्ह्या बाळापासून सुरुवात करू. पायाळू जन्मलेल्या किंवा घराण्यात हा दोष असलेल्या बाळाचा खुबा विशेष काळजीने तपासावा लागतो. पण पहिले काही महिने मांडीच्या हाडाचा गोल माथा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. क्ष-किरण त्यातून आरपार जातात. फोटोत तो दिसतच नाही! साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात त्यात हाडाचा ठिपका उमटू लागतो. ही अडचण ऑस्ट्रियातील डॉ. राइनहार्ड ग्राफ यांनी दूर केली. ध्वनिलहरींनी, म्हणजे सोनोग्राफीने, बाळाचा खुबा कसा पाहावा हे त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. माथा दिसतो, उखळी दिसते, तिचा कोन मोजता येतो, आणि किरणांची मात्रा शून्य. कमी मात्रेची परीक्षा ही कमअस्सलच असणार, असा आपला समज असतो; इथे मात्र तीच सरस आहे.

(जाता जाता आयाबायांना एक सांगतो. मूल कडेवर बसते तेव्हा मांड्या फाकलेल्या असतात आणि माथा उखळीत नीट बसतो. दुपट्यात पाय सरळ ताणून करकचून बांधणे मात्र सोडा.)

सहा महिन्यांनंतर एक्स-रेला पर्याय थोडा. तेव्हा बचत करायची ती कौशल्याने. किरणांची चौकट खुब्यापुरतीच आखावी. लहान अंगाला मोठ्या माणसाचे मोजमाप लावू नये. मूल हलले की फोटो बिघडतो आणि दुसरा काढावा लागतो. म्हणून आधी त्याला शांत करण्यात पाच मिनिटे गेली तरी ती वाया गेली असे समजू नये. धरायला गर्भवती स्त्रीने थांबू नये.

“शिशाचे झाकण का ठेवले नाही?” म्हणून पालक रागावतात. रागावण्याचे कारण खरे आहे, कारण कित्येक दशके आम्हीच ते ठेवीत आलो. परंतु मुलीचे बीजकोश नेमके कुठे आहेत हे बाहेरून कळत नाही, झाकण सरकून पाहायचे हाडच झाकले जाते, आणि स्वयंचलित यंत्र मधले शिसे पाहून किरण वाढविते. म्हणून २०१९ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने हा प्रघात सरसकट चालवू नये, असे सांगितले. जुनी सवय सोडणे आम्हां डॉक्टरांनाही जड जाते.

सर्वांत अवघड प्रश्न दीर्घ आजाराचा. १९१० साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पेर्थेस यांनी स्वतंत्रपणे एक रोग वर्णिला. बहुधा चार ते आठ वर्षांच्या मुलांत मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरते, चेपते आणि पुन्हा भरून येते. याला काही वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे फोटो चालू राहतात. इथे प्रत्येक वेळी विचारावे: या फोटोने उपचारात काय बदलणार आहे? उत्तर “काहीच नाही” असेल, तर तो पुढे ढकलता येतो. सुरुवातीच्या शंकेसाठी एमआरआय उपयोगी पडते. त्यात क्ष-किरण नसतात. निखळलेला खुबा बसवून प्लास्टर घातल्यावर तो जागेवर आहे ना, हे पाहण्यासाठीही अनेक ठिकाणी सीटीऐवजी एमआरआय करतात. खर्च अधिक, सोय सर्वत्र नाही, आणि लहान मुलाला कधी कधी गुंगी द्यावी लागते, हेही खरेच. शस्त्रक्रियेपूर्वी हाडाचा आकार नेमका हवा असेल, तर सीटी करावीच लागते. मग ती खुब्यापुरती, आणि एकदाच.

शेवटी तुमच्या हातातले काम. जुने फोटो तारखेनुसार एका पाकिटात ठेवा. चकती मिळाली असेल तर तीही त्यातच. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी ते पाकीट बरोबर न्या. ते घरी माळ्यावर राहिले, की नवे डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि मुलाला पुन्हा त्या टेबलावर निजावे लागते.