शून्य कोठे मांडावे?



वसंताच्या या दिवसांत पहाटे वीस अंश सेल्सिअसवर असलेला पारा दुपारी चाळिसावर चढतो. विसाचे चाळीस झाले, तेव्हा तपमान दुप्पट झाले, असे कोणी म्हटले तर आपण सहज मान डोलावतो. आमचे म्हणणे असे की, हा हिशेब साफ चुकीचा आहे. आणि तो का चुकला एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

स्वीडनमधील ज्योतिषशास्त्रज्ञ सेल्सिअस याने १७४२ साली पाण्याचे गोठणे आणि उकळणे या दोन खुणांमध्ये शंभर भाग पाडले. मौज अशी की, त्याने उकळत्या पाण्याला शून्य व बर्फाला शंभर म्हटले होते. पुढे ते उलटविण्यात आले. जे शून्य असे उलटसुलट करता येते, ते सृष्टीचे शून्य नव्हे. ते आपल्या सोयीचे शून्य होय. पाणी गोठले म्हणून उष्णता संपत नाही.

मग खरे शून्य कोठे? त्याचा माग हवेने दिला. दाब कायम ठेवून वायू थंड करीत गेलो, तर शून्य अंशाला त्याचे जे आकारमान असते त्याच्या सुमारे २७३व्या भागाने ते दर अंशास घटते. प्रत्यक्षात वायूचा द्रव आधीच होतो. परंतु कागदावर ती रेषा पुढे वाढविली तर ती उणे २७३.१५ अंशांवर शून्याला मिळते. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन यांनी १८४८ साली निरपेक्ष तपमानाची कल्पना मांडली. १८९२ साली ते लॉर्ड केल्व्हिन झाले. हे नाव त्यांच्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचे. तेच पुढे मापालाही मिळाले.

आता रूपांतर. सेल्सिअसच्या आकड्यात २७३.१५ मिळवा, केल्व्हिन आले. केल्व्हिनमधून तेवढेच वजा करा, सेल्सिअस आले. टेकडीची उंची पायथ्यापासून मोजा की समुद्रसपाटीपासून. टेकडी तीच, पायरीही तेवढीच, फक्त मोजणीचा आरंभ बदलला. म्हणून आपली पहाट २९३.१५ केल्व्हिनची आणि दुपार ३१३.१५ केल्व्हिनची. वाढ दुप्पट तर नाहीच, शेकडा सातही नाही!

हा नुसता शब्दच्छल आहे काय? ऑक्सिजनने भरलेले पोलादी नळकांडे सावलीत २७ अंशांवर आहे. ते उन्हात राहून ५७ अंशांपर्यंत तापले. सेल्सिअसच्या आकड्यांनी गुणोत्तर काढणारा म्हणेल, दाब दुपटीहून अधिक झाला. खरा हिशेब ३०० आणि ३३० यांचा. दाब सुमारे एक दशांशाने वाढला. जेथे गुणाकार-भागाकार आला, तेथे केल्व्हिनवाचून गत्यंतर नाही.

मात्र याच्या उलट चूकही होते. २०१५ सालच्या पॅरिस करारात पृथ्वीची तपमानवाढ दीड अंशापर्यंत रोखण्याचा प्रयत्न करावा, असे ठरले. ही वाढ केल्व्हिनमध्ये किती? घाईने २७३.१५ मिळवू नका! ती दीडच. कारण तो तपमानातील फरक आहे, तपमान नव्हे. आणि दोन्ही मापांची पायरी सारखीच आहे.

शेवटी एक गोष्ट. निरोगी शरीराचे तपमान सुमारे ३१० केल्व्हिन. चाळीस अंशांचा ताप चढला की ते ३१३ होते. खऱ्या शून्यापासून मोजले तर ही वाढ शंभरात एकाएवढीही भरत नाही. परंतु तेवढ्यानेच घरातील सारी माणसे रात्रभर उशाशी जागतात. जीवन किती अरुंद पट्टीवर उभे आहे, हे आम्हांला त्या मोठ्या आकड्यांनीच प्रथम दाखविले. म्हणून कोणताही आकडा ऐकला की आधी विचारावे, याचे शून्य कोठे मांडले आहे? एवढी सवय लागली तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू.