घर बंद करून निघण्याआधी

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत एका गटाच्या माजी कोषाध्यक्ष ताईंनी केलेले भाषण. त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



आषाढी जवळ आली. आपल्यातल्या कितीतरी जणी वारीला निघतील. आळंदीपासून पायी जायचं म्हणजे घर जवळजवळ तीन आठवडे बंद. दसऱ्यानंतर काही जणी ऊसतोडीला जातात, त्यांचं घर तर महिनोन् महिने बंद असतं. मला भाषण येत नाही. माझ्यावर जे बेतलं, तेवढंच सांगते.

तीन वर्षांमागं मी गटाची कोषाध्यक्ष होते. सोमवारी सभा झाली. बचत आणि कर्जाचे हप्ते मिळून ६,२०० रुपये जमले. दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचे, पण त्याच दिवशी भाच्याच्या लग्नाला निघायचं होतं. म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, आल्यावर भरू. पैसे तांदळाच्या पिंपात ठेवले, कुलपाची किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवली आणि निघाले.

परत आले तर दार उघडं. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनंच उघडलं होतं. किल्ली कुठं असते हे अख्ख्या आळीला माहीत होतं ना! गटाचे पैसे गेले, लेकीसाठी केलेलं कानातलं गेलं.

कानातल्याचं वाईट वाटलंच. पण पुढच्या सभेला सतरंजीवर बसले तर मान वर होईना. मला कुणी चोर म्हटलं नाही. एकीनं एवढंच विचारलं, "पैसे घरात कशाला ठेवलेस गं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या पैशातून एका ताईला बियाण्यासाठी कर्ज द्यायचं ठरलं होतं. तिला सावकाराकडं जावं लागलं. मी आठ महिने, महिन्याला ७७५ रुपये भरून रक्कम फेडली. तिचं व्याज मात्र मला फेडता आलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट गटाची. कोषाध्यक्ष गावाला जाणार असेल, तर हातातली शिल्लक आधी बँकेत भरायची, पावती रजिस्टरला लावायची. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं, हा आपला नियम गावाला जातानाही पाळायचा. आणि एक वाईट सवय सोडा. "मी वारीला चालले, काम अडायला नको," म्हणून कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवू नका. काम चार दिवस थांबलं तर थांबू दे.

दुसरी गोष्ट दागिन्यांची. पिंप, कणगी, देव्हारा, कपाटातल्या साड्यांची घडी, या जागा आपल्याला गुप्त वाटतात. चोर पहिल्यांदा तिथंच हात घालतो. चार-पाच जणींनी मिळून बँकेत लॉकरची चौकशी करा. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराच्या पावत्या जपून ठेवा, पण दागिन्यांच्या डब्यात नको.

तिसरी गोष्ट दाराची. आपण मोठं कुलूप आणतो, पण ते लावतो सैल झालेल्या कोयंड्याला. कुलूप तसंच राहतं आणि कोयंडा उपटून निघतो. स्क्रू ढिले झाले असतील तर काढून आरपार नटबोल्ट बसवून घ्या. परसदाराला आतून अडसर लावा. शिडी, पहार, कुदळ अंगणात ठेवू नका. निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घर बंद आहे हे चोराला कोण सांगतं? आपलं अंगणच सांगतं. सकाळी सडा नाही, रांगोळी नाही, पाचोळा साचलाय. नाहीतर ओट्यावरचा बल्ब दिवसाढवळ्या जळतोय. म्हणून शेजारणीला सांगून जा. तिनं सडा टाकावा, संध्याकाळी दिवा लावावा, सकाळी विझवावा. किल्ली चौकटीवर नको, तिच्या हातात द्या. ती गावाला गेली की तिच्या घराचं आपण करायचं. पोलीस पाटलांनाही जाण्या-येण्याची तारीख सांगून ठेवा. पोरांना मात्र बजावा, मोबाईलच्या स्टेटसला फोटो घरी आल्यावर टाका.

एवढं करूनही दार उघडं दिसलं, तर आत शिरू नका, कशाला हात लावू नका. मी रडत रडत सगळं आवरून ठेवलं होतं, ती माझी दुसरी चूक. ठसे पुसले जातात. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना बोलवा, पंचनामा होऊ द्या. गुन्हा नोंदवला की त्याची प्रत मागून घ्या. फिर्याद देणाऱ्याला ती फुकट मिळते.

ताई हो, वारीला निघालेल्या बाईचं अर्धं मन घराच्या कडीत अडकलेलं असतं. ते मोकळं करणं आपल्या हातात आहे. आजच्या सभेत ठराव घेऊ. प्रत्येक गटानं कोण कधी जाणार आणि तिचं घर कोण बघणार, हे इतिवृत्तात लिहावं. पहिलं नाव माझं लिहा. माझ्या शेजारच्या आक्का यंदा वारीला चालल्यात. त्यांच्या दारात सडा मी टाकणार आहे.