मधुमेही बालकांसाठी शालेय पदयात्रा
(केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



१४ नोव्हेंबर हा दिवस प्राथमिक शाळांना नवा नाही. पंडित नेहरूंचा जन्मदिवस म्हणून तो बालदिन होय. त्या दिवशी प्रभातफेरी निघते, खाऊ वाटला जातो, दोन भाषणे होतात आणि मुले घरी जातात. याच तारखेस १८९१ साली कॅनडात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. इन्सुलिन या औषधाच्या शोधाशी त्यांचे नाव निगडित असल्यामुळे १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणूनही १९९१ पासून पाळला जातो, व २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ठराव करून त्यास मान्यता दिली. बालकांचा दिवस आणि मधुमेहाचा दिवस यांची ही गाठ केवळ योगायोगाने पडलेली आहे. तथापि, जी प्रभातफेरी एरवी घोषणा देऊन परत येते, तीच त्या दिवशी मधुमेही बालकांच्या साहाय्यार्थ पदयात्रा म्हणून निघाली, तर शाळेला वेगळा खटाटोप न करता एक मोठे काम साधता येईल.

मधुमेह म्हटला की गावकऱ्यांच्या डोळ्यांपुढे पन्नाशी उलटलेला, बिनसाखरेचा चहा मागणारा गृहस्थ उभा राहतो. आठ वर्षांच्या मुलास हा विकार होतो, असे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटत नाही. आणि खरे वाटलेच, तर ‘फार गोड खाल्ले असेल’ असा निवाडा दिला जातो. हा निवाडा चुकीचा आहे. बालकांत बहुधा आढळणारा मधुमेह हा पहिल्या प्रकारचा असतो. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तीतील ज्या पेशी इन्सुलिन तयार करतात, त्या शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होतात. इन्सुलिन नाही म्हणजे रक्तातील साखर शरीराच्या कामी येत नाही. ती रक्तात साचते व लघवीवाटे वाहून जाते. मूल खाते, पण अंगी लागत नाही. यात त्या मुलाचा दोष नाही, त्याच्या आईने भरवलेल्या लाडवांचा नाही, आणि हा विकार शेजारी बसल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने दुसऱ्यास होत नाही. जी मुले लठ्ठ आहेत, त्यांच्यात अलीकडे मोठ्यांचा म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेहही दिसू लागला आहे. पण तो विषय निराळा.

१९२२ पूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेले मूल वाचत नसे. वैद्यांपाशी उपाय एकच होता : त्यास उपाशी ठेवणे, म्हणजे मरण थोडे लांबवणे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथील रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता व त्याचा गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीस पुन्हा इंजेक्शन दिले, तेव्हा मुलाच्या रक्तातील साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी या शोधाचा हक्क टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकला. औषध हाती येऊन आता शंभर वर्षे उलटली आहेत. तरीही रोग वेळेवर न ओळखल्यामुळे अथवा इन्सुलिन खंडित झाल्यामुळे मुले दगावतात, आणि येथेच शिक्षकाचा संबंध येतो.

डॉक्टर मुलास आजारी पडल्यावर पाहतो. शिक्षक त्यास रोज पाहतो. चौथीच्या वर्गातील एखाद्या मुलाचे उदाहरण घ्यावे. दिवाळीपूर्वी तो नीट होता. सुटीनंतर तो तासाला दोनदा ‘गुरुजी, पाणी’ म्हणून उठतो आणि त्याहून अधिक वेळा ‘गुरुजी, लघवीला’ म्हणून करंगळी दाखवतो. गुरुजींना वाटते, मुलगा टाळाटाळ करतो. प्रसंगी ते त्यास खाली बसवतात. खेळात पुढे असणारा तो पोर मैदानाच्या कडेला बसून राहतो. सदरा खांद्यावरून ओघळू लागतो. घरी विचारले, तर आई संकोचाने सांगते की, चार वर्षांपूर्वी मोडलेली अंथरूण भिजवण्याची सवय पुन्हा लागली आहे. अति तहान, अति लघवी, झपाट्याने उतरणारे वजन आणि थकवा या चार गोष्टी एकत्र दिसल्या, की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासून घ्यावी. बोटाच्या एका थेंबाचे ते काम आहे. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, ग्लानी ही लक्षणे दिसली, तर मात्र घटकाभरही थांबू नये. पोटदुखी म्हणून ओवा, आणि ग्लानी म्हणून अंगारा, अशा उपायांत जो दिवस जातो, तोच पुष्कळदा अखेरचा ठरतो. शाळा तपासणीचे आरोग्य पथक येईल तेव्हा दाखवू, असेही म्हणू नये. ही मुदत आठवड्यांची नसून काही वेळा तासांची असते.

रोग ओळखला गेल्यावर खर्च सुरू होतो, आणि तो थांबत नाही. दिवसास तीन इंजेक्शने धरली तरी वर्षाची हजारावर होतात. साखर चार वेळा तपासावयाची म्हटली, तर महिन्यास सुमारे १२० पट्ट्या लागतात. काही सरकारी रुग्णालयांतून इन्सुलिन मिळते. पण तेथवर जाण्याचे एस.टी.चे भाडे, बापाची बुडालेली मजुरी, पट्ट्या व सुया हा भार घरावरच राहतो. मग घरात काटकसर सुरू होते : पट्ट्या कमी, मग इंजेक्शने कमी. याच सुमारास कोणी तरी जडीबुटीवाला भेटतो आणि ‘सुई कायमची सोडवतो’ असे आश्वासन देतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात सुई सोडणे म्हणजे काही दिवसांत प्राणावर बेतणे. हे वाक्य पदयात्रेत म्हणता आले नाही, तरी पालकसभेत ठामपणे सांगितले पाहिजे.

हा भार हलका करण्यास मोठी देणगीच हवी असे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, आणि त्यातून तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे गावोगावच्या मूठमूठ धान्यावर चालली. थोडे, पण सर्वांचे आणि नेमाने, ही रीत महाराष्ट्रातील शाळांच्या अंगवळणी पडलेली आहे. पदयात्रेचा निधीही त्याच रीतीने जमावा. मुलांकडून सक्तीने वर्गणी घेऊ नये, किती आणले याची वर्गावर्गांत चढाओढ लावू नये, आणि ज्याने काही आणले नाही त्याचे नाव फळ्यावर लिहू नये. ज्याच्या घरून पैसा निघत नाही, तो मुलगा दोन किलोमीटर चालला हीच त्याची वर्गणी.

येथे एका धोक्याची सूचना अवश्य दिली पाहिजे. गावच्या शाळेत मधुमेही मूल बहुधा एकच असते, कित्येक शाळांत तेही नसते. अशा वेळी पदयात्रा त्या एका मुलासाठी काढली, तर हार घालून त्यास पुढे चालवण्याचा मोह होतो. सरपंच त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, छायाचित्र निघते, आणि त्या दिवसापासून मूल गावात ‘साखरेचा मुलगा’ होऊन बसते. दयेने केलेली ही इजा लवकर भरून निघत नाही. मुलीच्या बाबतीत तर पालकांना फार पुढची काळजी असते. लग्नात अडचण येईल, म्हणून कित्येक घरांत मुलीचे इंजेक्शन शेजाऱ्यांपासून लपवले जाते. शाळेला कळू नये म्हणून दुपारची मात्रा चुकवली जाते. आणि अखेरीस शाळाच सुटते. पालकांची ही भीती अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. ती गावच्या वागणुकीतून आलेली आहे, आणि गावाची वागणूक बदलण्यासाठीच पदयात्रा काढावयाची आहे. सबब, निधी कोणा एका मुलाच्या नावे न जमवता संपूर्ण केंद्रातील मधुमेही बालकांसाठी जमवावा. पालकांच्या संमतीवाचून कोणाचेही नाव उच्चारू नये. संमती मिळाली तरी त्या मुलाने इतरांच्या रांगेत, आपल्या उंचीप्रमाणे जेथे जागा येईल तेथे चालावे.

‘त्याला चालवेल का?’ हा प्रश्न निघतोच. चालवेल. व्यायाम मधुमेही मुलास वर्ज्य नाही. उलट हितकर आहे. मात्र चालण्याने साखर उतरते, व इन्सुलिन घेतलेल्या मुलाची ती फार उतरू शकते. पदयात्रेपूर्वी त्याने भाकरी अथवा पोळी खाल्लेली असावी. मात्रेविषयी पालकांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि त्या दिवशी मूल आजारी असल्यास त्यास आग्रह करू नये. सोबतच्या शिक्षकाच्या खिशात साखरेची अथवा ग्लुकोजच्या पुडीची डबी असावी. घाम फुटणे, हातपाय कापणे, एकाएकी भूक लागणे, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची चिन्हे होत. तसे दिसताच मुलास तेथेच बसवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तितकीच द्यावी. सावरल्यावर काही खावयास द्यावे. यासाठी शेंगदाण्याची चिक्की उपयोगी नाही; शेंगदाण्यातील तेलामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. व्यायामाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो, तेव्हा ‘आज मुलगा इतका चालला’ हे घरी कळवणे शिक्षकाने विसरू नये.

सर्व शिक्षकांनी पदयात्रेच्या आठवडाभर आधी ही माहिती एकमेकांस तोंडपाठ म्हणून दाखवावी. आरोग्य केंद्रातील डॉक्टर अथवा परिचारिकेस बोलावून घेतल्यास फारच उत्तम. वास्तविक पदयात्रेत जमणाऱ्या पैशाहून ही तयारी मोलाची आहे.

पदयात्रेचे बाकीचे काम सोपे आहे. वेळ सकाळची, अंतर दोन ते तीन किलोमीटर, मार्ग सावलीचा आणि रहदारीपासून दूर. लहान वर्गांनी देवळापर्यंत जाऊन परतावे. घोषणा थोड्या असाव्यात. चार लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहिलेले फलक अधिक काम करतात, कारण ओट्यावर बसलेली म्हातारी ते नातवाकडून वाचून घेते. १४ नोव्हेंबरला दिवाळीची सुटी असल्यास शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात पदयात्रा काढावी. निधी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने स्वीकारावा, प्रत्येक रकमेची पावती द्यावी, आणि जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. जमलेली रक्कम एकदम न देता पट्ट्या, सुया व प्रवासभाडे या रूपाने महिन्याच्या महिन्यास पोहोचवावी. कुटुंबाला एकरकमी मदतीपेक्षा नियमित मदत अधिक उपयोगी पडते.

पदयात्रा वर्षातून एक दिवस निघते. शाळा मात्र दोनशेहून अधिक दिवस भरते. इन्सुलिन घेतलेल्या मुलास शालेय पोषण आहार वेळेवर मिळाला पाहिजे. खिचडीला उशीर होणार असेल, तर त्यास आधी काही खाऊ द्यावे, आणि इतर मुलांस त्याचे कारण सरळ सांगावे. एकादशीचा उपवास त्याने वर्गमित्रांच्या देखादेखी धरू नये. पाणी पिण्यास व बाहेर जाण्यास त्यास परवानगी मागावी लागू नये. परीक्षेच्या वेळी जवळ साखर बाळगण्यास हरकत घेऊ नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली आपल्या परीक्षांत मधुमेही विद्यार्थ्यांस खाद्यपदार्थ जवळ ठेवण्याची मुभा दिली होती. सुई टोचून घेण्यास एक स्वच्छ, आडोशाची जागा हवी. मुताऱ्यांची भिंत ही ती जागा नव्हे. कार्यालयाच्या खोलीतील एक कोपरा व एक खुर्ची पुरते. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकून आरोग्य केंद्राकडे पाठवाव्यात. दुपारची मात्रा शाळेत ठेवावयाची असल्यास कुपी ऊन न लागणाऱ्या थंड जागी, ओल्या मातीच्या मडक्यात कोरडी राहील अशी ठेवावी. वापरात असलेली कुपी थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. शाळेत शीतकपाट असले, तरी बर्फाच्या खणात ती कदापि ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पदयात्रेच्या दिवशी शिक्षकाच्या खिशात असलेली साखरेची डबी दुसऱ्या दिवशी वर्गाच्या कपाटात वरच्या फळीवर जावी. तिच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी असावी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस साखर बदलावी, आणि त्या कपाटास कुलूप नसावे. शिक्षकाची बदली झाली, तर पदभार देताना डबीची जागा नव्या शिक्षकास दाखवावी व त्या मुलाशी त्याची ओळख करून द्यावी.