एंटेबेची सुटका
शेवट आधींच ठाऊक असलेली कथा मनाला कां खिळवून ठेवते? मेनाहेम गोलन यांचा १९७७ सालचा ‘ऑपरेशन थंडरबोल्ट’ हा चित्रपट याचें उत्तर देतो. जून १९७६ मध्यें दहशतवाद्यांनीं एक फ्रेंच विमान पळवून युगांडांतील एंटेबे येथें नेलें. पडद्यावर त्यांच्यांतील जर्मन इसम इस्रायली प्रवाशांना निराळे काढतात, तेव्हां हिटलरच्या छळछावण्या आठवून अंगावर कांटा येतो. पुढील गोळीबाराहून हा क्षण भयंकर.

४ जुलै रोजीं इस्रायली सैनिकांनीं शंभरांवर ओलीस सोडविले. परंतु पथकाचे नायक योनातान नेतान्याहू धारातीर्थीं पडले, आणि कंपालाच्या रुग्णालयांत राहिलेल्या वृद्ध डोरा ब्लॉक यांची पुढें हत्या झाली. स्वागताचा जल्लोष पाहतांना रित्या राहिलेल्या या जागाहि प्रेक्षकांच्या दृष्टीस पडाव्या.